घर बदला, हा सल्ला प्रत्येकाला परवडत नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

शेजारच्या आवाजाचा त्रास कुणापाशी बोलून दाखवला की बहुतेक वेळा दोनच सल्ले मिळतात. ‘दुर्लक्ष करा’ हा एक आणि ‘घर बदला’ हा दुसरा. ज्या घरात महिन्याचा शेवटचा आठवडा सुटे पैसे मोजून काढावा लागतो, त्या घराला या दोन्ही सल्ल्यांचा काहीही उपयोग नाही. गेली दोन वर्षे मी हा त्रास आणि ही ओढाताण एकाच वेळी सोसत आहे. माझ्यासारखी कुटुंबे पुष्कळ असतील, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आमचे घर भाड्याचे, दोन खोल्यांचे. झोपण्याच्या खोलीची एक भिंत शेजारच्या घराशी सामाईक आहे आणि डोक्यावर दुसऱ्या कुटुंबाची जमीन आहे. भिंतीपलीकडे रात्री उशिरापर्यंत संगीत चालते. त्याचे शब्द ऐकू येत नाहीत, चालही कळत नाही. येतात ते फक्त ठोके. फळीवर दोन भांडी एकमेकांना टेकून राहिली तर ती त्या ठोक्यांबरोबर किणकिणतात, म्हणून रात्री मी त्यांच्यामध्ये कापडाची घडी ठेवते. वरच्या घरातून मध्यरात्रीपर्यंत शिलाई मशीनची घरघर यायची आणि मधूनच खुर्ची सरकल्याचा कर्कश आवाज. माझी मुलगी उशी कानावर दाबून झोपायची आणि सकाळी तिचे डोळे तांबारलेले असायचे.

दुर्लक्ष करा म्हणणाऱ्यांना एवढेच सांगायचे आहे, की डोळे मिटता येतात तसे कान मिटता येत नाहीत. झोपेतही ऐकण्याचे काम चालूच असते. जाग आली नाही तरी आवाजाने झोप उथळ होते आणि नाडीचे ठोके वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये शांत झोपेसाठी खोलीतला सततचा आवाज ३० डेसिबलच्या आत आणि मध्येच होणारा एखादा मोठा आवाज ४५ डेसिबलच्या आत असावा, असे म्हटले आहे. साधे बोलणे साधारण ६० डेसिबलचे असते. शिवाय डेसिबलचे गणित आपल्या नेहमीच्या बेरजेसारखे नाही. १० डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट होते आणि कानाला तो आवाज साधारण दुप्पट वाटतो. म्हणून ‘थोडासाच तर आवाज आहे’ असे ज्याला वाटते, त्याने तो रात्री, सगळे निजल्यावर, त्या खोलीत आडवे होऊन ऐकावा.

झोपमोडीचा खर्च घरखर्चाच्या वहीत कुठेच लिहिला जात नाही, पण तो असतो. मी स्वतः हिशेबाचेच काम करते, तरी सलग चार रात्री जागरण झाल्यावर एका बिलाची तारीख विसरले आणि दंड भरावा लागला. सकाळी उठायला उशीर झाला की चालत जाण्याचे अंतर पैसे देऊन वाहनाने कापावे लागते. संध्याकाळी स्वयंपाकाचे त्राण उरले नाही की बाहेरून मागवावे लागते. एका महिन्यात मी असे खर्च वेगळ्या पानावर लिहून काढले, तेव्हा ती बेरीज आमच्या दर महिन्याच्या बचतीपेक्षा जास्त निघाली. त्या दिवसापासून शांत झोप ही चैन आहे, असे म्हणणे मी सोडून दिले.

घर बदलण्याचाही हिशेब आम्ही मांडून पाहिला. नव्या घराची अनामत, सामान हलवण्याचा खर्च, दोन्ही घरांचे भाडे एकाच वेळी भरावे लागणारे काही दिवस, जुनी अनामत परत मिळेपर्यंतची तंगी, कामाच्या जागेपासून वाढणारे अंतर, हे सारे धरले तर अडीअडचणीसाठी जपलेली सगळी शिल्लक संपते. एवढे करून नव्या घरात शेजार कसा मिळेल, याची खात्री कोण देणार? (ज्यांना घर बदलावेच लागणार आहे, त्यांना मात्र एक सांगेन. घर दिवसा पाहून ठरवू नका. रात्री जा आणि दारे-खिडक्या लावून पाव तास न बोलता बसा. याला एक पैसा लागत नाही.)

आता चुकलेल्या खर्चाबद्दल लिहिते, कारण इथेच गरजू माणूस फसतो. भिंतीला फोमचे तक्ते लावले की आवाज बंद होतो, या समजुतीने आम्ही दोन महिन्यांची बचत त्यात घातली. आमच्याच खोलीतला घुमारा तेवढा कमी झाला, पलीकडचे ठोके पूर्वीसारखेच येत राहिले. त्यानंतर मी याविषयी वाचले, तेव्हा कारण कळले. आवाज शोषणे आणि आवाज अडवणे ही दोन वेगळी कामे आहेत. मऊ, हलक्या वस्तू खोलीतल्या आवाजाचे परावर्तन कमी करतात. पलीकडून येणारा आवाज अडवायला वजन लागते. भिंतीचे वजन दुप्पट केले तरी साधारण ५ ते ६ डेसिबलचाच फरक पडतो, आणि भाडेकरूने भिंतीचे वजन वाढवावे तरी कसे? त्यातही संगीताचे खालच्या पट्टीतले ठोके अडवायला सर्वांत अवघड. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे भिंतीला चिकटवण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. त्यांनी आवाज अडत नाही आणि पेट घेण्याचा धोका मात्र वाढतो. हे आधी कुणी सांगितले असते तर आमचे पैसे वाचले असते.

त्यामानाने फटी बुजवण्याचा खर्च अगदी किरकोळ आहे. दार-खिडकीच्या क्षेत्रफळाचा शंभरावा भाग जरी उघडा राहिला, तरी बाकीचा भाग कितीही भक्कम असला तरी २० डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडू शकत नाही. आवाज पाण्यासारखा वाट काढतो. दाराखाली जाड कापडाची गुंडाळी आणि खिडकीच्या कडेला रबरी पट्टी लावल्यावर जिन्यातली वर्दळ आणि बाहेरचे बोलणे आमच्याकडे निश्चित कमी झाले. पलंग सामाईक भिंतीपासून हलवला आणि तिथे कपड्यांनी भरलेले कपाट उभे केले. त्याने थोडाफारच फरक पडला, पण त्याला काही खर्च नव्हता. कानात घालायचे फोमचे बोळेही स्वस्त असतात. मात्र ते नुसते कोंबून चालत नाहीत. हात स्वच्छ धुऊन बोळा बारीक वळायचा, दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा, बोळा आत सरकवायचा आणि तो फुलेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचा. मी सुरुवातीचे पंधरा दिवस तो चुकीचा घालत होते आणि उपयोग होत नाही म्हणून टाकून देणार होते. घरात तान्हे बाळ किंवा आजारी माणूस असेल, तर रात्री दोघांपैकी एकाने तरी कान मोकळे ठेवावेत. पंख्याचा एकसुरी आवाजही मधले मधले आवाज झाकतो. तो मात्र बेताचाच असावा, नाहीतर एका आवाजावर दुसरा आवाज चढवल्यासारखे होते.

पण आमच्या घरात सर्वांत मोठा फरक पडला तो बोलण्याने, आणि हे बोलणे आम्ही दीड वर्ष पुढे ढकलले याची मला खंत आहे. वरच्या घरातल्या काकूंकडे मी रात्री रागाच्या भरात न जाता एका रविवारी सकाळी गेले. ‘काकू, तक्रार करायला आले नाही, पण रात्री मशीनचा आवाज खाली फार येतो. मुलीची झोप होत नाही,’ एवढेच म्हटले. त्यांचा चेहरा उतरला. दिवसा त्या दुसरीकडे कामाला जातात आणि रात्री नगावर शिलाईचे काम करतात. त्या कामातूनच त्यांचे घरभाडे निघते. खाली एवढा आवाज जातो, हे त्यांना कुणी कधी सांगितलेच नव्हते. मग आम्ही दोघींनी मिळून मशीनच्या चारही पायांखाली जुन्या रबरी पायपुसणीचे दुहेरी तुकडे घातले आणि खुर्चीच्या पायांना जाड लोकरी कापड बांधले. आदळआपट, घरघर, पावलांचा दणका हे आवाज जमिनीतून आणि भिंतींतून उतरतात, म्हणून ते जिथे उगम पावतात तिथेच रोखावे लागतात. खालच्या माणसाने छताला काहीही लावले तरी ते भिंतींच्या वाटेने खाली येतातच. साडेदहानंतर मशीन चालवायची नाही, असे काकूंनी आपणहून ठरवले. त्या बदल्यात त्यांच्या धाकट्या मुलाला शाळा सुटल्यावर दोन तास आमच्याकडे बसवते, म्हणजे संध्याकाळी त्यांचा शिलाईला तेवढा वेळ मोकळा होतो. माझा आवाजाचा प्रश्न आणि त्यांचा पैशाचा प्रश्न एकमेकांत असा गुंतलेला होता, हे त्यांच्या दारात उभी राहीपर्यंत मला ठाऊक नव्हते.

प्रत्येक शेजारी असा भेटत नाही. भिंतीपलीकडच्या घरात मी दोनदा गेले. पहिल्यांदा आठवडाभर आवाज कमी झाला, दुसऱ्यांदा दार उघडलेच गेले नाही. तेव्हापासून मी नोंदवही ठेवते. तारीख, आवाज सुरू झाल्याची आणि थांबल्याची वेळ, आवाजाचा प्रकार आणि घरात त्याने काय झाले, एवढ्या चारच गोष्टी. ‘रोज त्रास होतो’ या वाक्याला कुणी दाद देत नाही. ‘चौदापैकी नऊ रात्री साडेअकरानंतर’ असे लिहून दिले की समोरच्याला ते वाचावे लागते. भिंतीवर ठोसे मारणे किंवा आपणही मोठ्याने काहीतरी लावणे मी कटाक्षाने टाळले, कारण त्यानंतर तक्रार करण्याचा आपला हक्कच दुबळा होतो.

या सगळ्यात ज्यांचे नावच निघत नाही, ते इमारत बांधणारे आणि ती भाड्याने देणारे लोक. बांधताना लादीखाली मऊ थर घातला, सामाईक भिंत पुरेशी जड केली आणि नळ-तारांची भोके नीट बुजवली, तर जो खर्च होतो तो एकूण बांधकामात लहान असतो. तेच काम राहत्या घरात नंतर करायचे म्हटले तर लादी उखडावी लागते. पातळ भिंतीतून वाचलेला पैसा बांधणाऱ्याच्या खिशात जातो आणि तिची किंमत पुढे कित्येक वर्षे भाडेकरू झोप गमावून मोजत राहतात. त्यातही ज्याला स्वस्तातलेच घर घ्यावे लागते त्याच्या वाट्याला ती सर्वांत जास्त येते. म्हणून घराच्या करारात पाणी आणि विजेबरोबर आवाजाचाही स्पष्ट उल्लेख असावा, सामाईक भिंतीच्या दुरुस्तीची जबाबदारी मालकाकडे असावी आणि शांततेची वेळ पाळण्याची अट दोन्ही बाजूंच्या भाडेकरूंना सारखीच लागू असावी, अशी माझी मागणी आहे. आपल्या वृत्तपत्राने बचतीविषयी लिहिताना हाही विषय घ्यावा, अशी विनंती करते.

आमच्या घरमालकांना मी नोंदवहीची प्रत आणि लेखी अर्ज देऊन तीन आठवडे झाले. सामाईक भिंतीत विजेच्या जोडणीसाठी पाडलेली दोन भोके आरपार आहेत, ती निदान बुजवून द्यावीत, एवढीच त्यात पहिली मागणी आहे. अद्याप उत्तर आलेले नाही. पुढच्या आठवड्यात काकूही माझ्याबरोबर येणार आहेत.

आपली नम्र,
एक भाडेकरू वाचक