दांडिया बाजारातल्या काकूंना, टॉकवरच्या गप्पांसाठी थँक्यू

काकू, तुम्हाला नाव छापलेलं आवडायचं नाही म्हणून लिहीत नाही, पण बडोद्यात आपल्या गल्लीतल्या निम्म्या लोकांना कळेलच हे कोणाबद्दल आहे. तोंडावर थँक्यू म्हणायला गेलं की तुम्ही "बस बस, चहा घे" म्हणून विषय बदलता, म्हणून आता सगळ्यांसमोरच लिहिते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, मशीन लावते, समोरासमोर ओठ बघून निभावतं पण फोनवर पार वाट लागते. लिनक्स (सर्व्हरवर चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम) शिकायचं ठरवलं तेव्हा जो तो म्हणे कॉलवर ये, पाच मिनिटात समजावतो. एका क्लासवाल्यांनी तर डाउट फक्त फोनवरच घेतो असं सांगितलं, फी मात्र ऑनलाइन चालत होती! मेसेज करून विचारावं तर समोरचा "टायपिंग" दाखवत बसतो, आपण बघत बसायचं, आणि मग एकदम भलामोठा परिच्छेद येऊन आदळतो, आता त्यातल्या दुसऱ्याच ओळीला आपण अडकलो हे सांगायचं कधी?

तुम्ही काय केलंत, तुमच्या त्या भाड्याच्या छोट्या सर्व्हरवर मला अकाउंट दिलंत आणि चिठ्ठीवर लिहून दिलंत की रात्री जेवणं आटोपली की एसएसएच करून ये (म्हणजे आपल्या कॉम्प्युटरवरून सुरक्षितपणे त्या सर्व्हरवर लॉगिन करून), 'हू' कमांड मारून मी आहे का बघ, मग 'टॉक' आणि पुढे माझं लॉगिन नाव. मला वाटलं असेल एखादं चॅट ॲप. उघडली तर काळी स्क्रीन, मधे एक आडवी रेघ, वर मी, खाली तुम्ही, आणि तुम्ही की दाबाल तसं एकेक अक्षर उमटतंय, एंटरची वाटच बघायची नाही. खोडताय तेही दिसतंय, थांबलात की कळतंय काकू विचार करतायत. ज्यांना नीट ऐकू येतं त्यांना यात काय एवढं असं वाटेल, पण समोरच्याचं अडखळणं, अर्ध्यात वाक्य बदलणं, "नाही नाही थांब" हे सगळं मला लांबून कधी मिळालंच नव्हतं. आणि मधे तोंडही घालता येतं, दोघींनी एकदम टाइप केलं तरी कोणाचं कोणात मिसळत नाही.

ते क्रॉनचं, ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या प्रोग्रामचं, आठवतंय ना? माझी बॅकअपची स्क्रिप्ट हाताने चालवली की मस्त चालायची आणि क्रॉनमधून रात्री काहीच नाही. तुम्ही सरळ उत्तर न देता सावकाश लिहायला लागलात, "क्रॉनला तुझा पाथ", आणि पुढचं अक्षर यायच्या आत मी वरून ठोकलं, समजलं समजलं!! क्रॉन आपल्या लॉगिनच्या सेटिंग वाचतच नाही, त्याचा पाथ, म्हणजे कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी, एवढासा, युजर-बिन आणि बिन, आणि माझी कमांड बसली होती युजर-लोकल-बिनमधे. तुमचं वाक्य तसंच अर्धवट राहिलं, त्याच्या खाली तुम्ही फक्त कोलन आणि कंस टाकलात, हसरा. हे कुठल्या क्लासमधे झालं असतं सांगा.

मग तुमच्या जुन्या गोष्टी निघाल्या. टॉक आलं १९८३ च्या ४.२ बीएसडी युनिक्समधे (लिनक्स ज्याच्या धर्तीवर बनलं ती जुनी सिस्टिम), त्याच्या आधीपासून 'राइट' नावाची कमांड होती, तिच्यात दोघांच्या ओळी एकाच जागी पडायच्या म्हणून आपलं बोलून झालं की डॅश-ओ टाकायचं, म्हणजे आता तू बोल, आणि ओ-ओ म्हणजे संपलं. कोणी मधे टपकायला नको असेल तर 'मेसग एन', आणि ते म्हणजे आपल्या टर्मिनलच्या, म्हणजे त्या काळ्या स्क्रीनच्या, फाइलवर ग्रुपला लिहायची परवानगी काढून घेणं, बाकी काही नाही. तुम्ही एलएस (फाइलींची यादी दाखवणारी कमांड) करून ते एक डब्ल्यू, म्हणजे लिहायची परवानगी, येताना-जाताना दाखवलंत आणि परवानग्यांचा अख्खा धडा तिथेच बसला. टॉकचा डेमन, म्हणजे पडद्यामागे चालणारा प्रोग्राम, तर लग्न जुळवणाऱ्या मावशींसारखाच, ५१८ नंबरच्या यूडीपी पोर्टवर (नेटवर्कचं एक दार) दोघांची गाठ घालून देतो आणि बाजूला होतो, पुढचं बोलणं दोन्ही प्रोग्राम आपसात टीसीपी नावाच्या थेट जोडणीवर करतात. टॉकला एन्क्रिप्शन (मजकूर कुलूपबंद करणं) नाही म्हणून तर दोघींनी एसएसएचने एकाच मशीनवर यायचं, हेही तुम्हीच आधी बजावलंत.

सगळं गोड आहे असं नाही हं. देवनागरी टाकली की कचरा दिसतो, म्हणून आपलं सगळं मराठी इंग्रजी अक्षरात, "kay zala" वगैरे असं लिहायचं ते मला अजून खुपतं. काही सेव्ह होत नाही, आपला भाग भरला की परत वरपासून त्याच्यावरच लिहायला लागतं, त्यामुळे मी मांडीवर वही घेऊन बसते. मधेच दुसरा कुठला मेसेज घुसून स्क्रीनचा विचका झाला की कंट्रोल-एल दाबून ती परत नीट करायची.

पण नवरात्रातली मजा! बाहेर गरब्याचे स्पीकर, घरोघरी फोनवर लोक ओरडतायत, आणि तुम्ही खाली लिहिताय की पोरी मला माझेच विचार ऐकू येईनात. मी कानातलं मशीन काढून ठेवलं होतं, मला काय, मी आरामात ग्रेप (मजकुरात शब्द शोधायची कमांड) शिकत होते.

काकू, मला काम मिळालं ते तुम्हाला माहीतच आहे, तिथले सर्व्हरही आता मीच बघते. तिथे एक नवीन मुलगी आलीये, तिलाही कमी ऐकू येतं, फोन वाजला की चेहरा पडतो तिचा. तिला अकाउंट देता का? वायटॉकमधे, टॉकच्याच सुधारित प्रकारात, दोनपेक्षा जास्त लोक बसतात, स्क्रीनचे तीन भाग होतील, अक्षरं थोडी दाटीवाटीने येतील पण चालेल. शनिवारी जमत असेल तर कळवा, सेव-उसळ मी आणते, तुमच्यासाठी तर्री वेगळी बांधून.