बेस, गिटार आणि तुझा डग्गा

फ्रायबुर्ग, जर्मनी,
२० ऑक्टोबर

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

भटकंती आणि वाजवणं दोन्ही कसं जमवतोस, असं तू मागे विचारलंस. अरे, गाडी उभी असते तेव्हाच खरं वाजवणं होतं. १९८६ची फोक्सवॅगन टी-थ्री व्हॅन, ५० अश्वशक्तीचं डिझेल इंजिन. इथल्या फेल्डबर्ग डोंगराचा घाट चढताना मागच्यांना वाट देत देत जावं लागतं. फिरून आलो की ती आमच्या मागच्या आवारात उभी राहते, आणि पुढच्या सहलीपर्यंत तीच माझी रियाजाची खोली. इमारतीत रात्री दहानंतर आवाज चालत नाही. गाडीत कुणाला त्रास नाही.

मागच्या बाकावर गिटार सहज मावते, बेस, म्हणजे खर्जातली गिटार, नाही. नेहमीच्या बेसच्या तारेची वाजती लांबी ३४ इंच. त्याचं टोक थेट खिडकीच्या पडद्यात जातं. म्हणून ३० इंचांचा घेतला. अ‍ॅम्प लावतच नाही. बेसचं लाकूड शेजारच्या प्लायच्या कपाटाला टेकवलं की सगळं कपाट घुमायला लागतं आणि सर्वांत खालचा ई स्वर पाठीला जाणवतो. तो ४१ हर्ट्झचा स्वर, फोनच्या स्पीकरला झेपणारा नव्हे. त्यामुळे तुला रेकॉर्डिंग पाठवलं तर हेडफोन लावूनच ऐक.

आधी बेसची ओळ लूपरवर (वाजवलेलं पुन्हा पुन्हा ऐकवणारं यंत्र) धरतो, मग तिच्यावर गिटार. गिटारवर सी मेजर कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) तसाच ठेवायचा आणि खाली बेसने ए वाजवायचा. तोच कॉर्ड ए मायनर सेव्हन होतो! वरची बोटं जागची हललेली नसतात, तरी सगळ्याचा रंग पालटतो. इतकी वर्षं नुसती गिटार वाजवताना हे कधी कळलं नव्हतं.

पण खरं सांगायचंय ते वेगळंच. बेसवर स्वर वाजवण्यापेक्षा तो थांबवणं अवघड आहे. डाव्या हाताचा दाब नेमका सुटला पाहिजे, उरलेल्या तारा उजव्या अंगठ्याखाली गप्प राहिल्या पाहिजेत. लयीचे ठोके देणारा मेट्रोनोम मिनिटाला ६० वर लावून मी हल्ली फक्त तेवढंच करतो, आणि सारखा तुझा तीनताल आठवतो. खालीत ‘तिं तिं ता’ आलं की तुझा डग्गा बंद व्हायचा, आणि पुन्हा ‘धिं’वर उघडला की अंगावर काटा यायचा. बेसचं अगदी तसंच आहे रे. मध्ये तो गेलाच नाही, तर परत आल्याचं सुख कुठून मिळणार? हे मला कुठल्या व्हिडिओने शिकवलं नाही, तुझ्या शेजारी बसून ऐकलेलं आता हातात उतरतंय.

गाडीची नंबरप्लेट हंगामी आहे, एप्रिल ते ऑक्टोबर. ३१ तारखेनंतर ती रस्त्यावर नुसती उभीही करता येत नाही, म्हणून पुढच्या आठवड्यात एका शेतकऱ्याच्या गोठ्याशेजारच्या शेडमध्ये ठेवतोय. वाद्यं घरी येतील. इथल्या हिवाळ्यात हीटरने हवा इतकी कोरडी होते की मानेचं लाकूड आकसतं आणि फ्रेटची, म्हणजे मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांची, टोकं बोटाला बोचायला लागतात. आर्द्रता ४५ ते ५५ टक्के राहावी म्हणून खोलीत ओलं फडकं टांगतो, आणि दारं लावून हेडफोनवर वाजवतो.

तर एक काम कर. विलंबित तीनताल, नुसता ठेका, दहा मिनिटं रेकॉर्ड करून पाठव. डग्ग्याजवळ माइक ठेव. मेट्रोनोमऐवजी हिवाळाभर त्याच्यावर बेस वाजवायचाय. आणि मे महिन्यात रजा काढ, तबला घेऊन ये. गाडीत दोघं झोपू शकतात, डग्ग्यालाही जागा काढतो.

वहिनींना नमस्कार, छोटीला गोड पापा.

तुझाच,
अभय