वहीतली खाडाखोड

मा. संपादक,

५ डिसेंबर २०२४ ला मुंबईत आझाद मैदानावर नव्या मुख्यमंत्र्यांचा शपथविधी झाला आणि आमच्या घरी नातवाने सामान्यज्ञानाची वही काढली. वही त्याच्या ताईची, तिच्या शाळेपासूनची. 'आपले मुख्यमंत्री' या ओळीपुढे २०१९ पासून फडणवीस, ठाकरे, शिंदे अशी नावं लिहून, खोडून कागद पार विरलाय. आता पुन्हा फडणवीस! शिंदे आणि अजित पवार हे त्या दिवशी शपथ घेतलेले दोन उपमुख्यमंत्री त्याने समासात आडवे लिहिले. विधानसभेचा निकाल लागून बारा दिवस पोरगं रोज विचारत होतं, "आजोबा, लिहू का?"

मला सगळ्यात आवडलं ते वेगळंच. मुख्यमंत्र्यांनी शपथ घेताना 'देवेंद्र सरिता गंगाधरराव फडणवीस' असं आईचं नाव आधी घेतलं. नातवाने टीव्हीसमोरच वहीचं कव्हर काढलं, स्वतःच्या नावापुढे आईचं नाव घातलं आणि स्वयंपाकघरात नेऊन दाखवलं. कणकेचे हात तसेच ठेवून सूनबाई बघत राहिली. मग मला विचारतो, "तुमच्या आईचं नाव काय हो?" कितीतरी वर्षांनी ते नाव मी मोठ्याने उच्चारलं.

मुख्यमंत्र्यांची पहिली सही पुण्याच्या एका रुग्णाच्या ५ लाखांच्या मदतीवर झाली, हेही फार बरं वाटलं. नव्या सरकारला मनापासून शुभेच्छा. आता पाच वर्षं त्या ओळीला खोडरबर लागू नये. कागद खरंच फाटायला आलाय.

– एक आजोबा, सातारा