बडेबाबू, त्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्यांसाठी

आदरणीय बडेबाबू,

सादर नमस्कार.

बांध्यांमध्ये धानाची रोवणी जोरात आहे आणि वर्गातली अर्धी बाकं रिकामी आहेत. हे असंच होणार, हे कॉलेजचे हेडक्लार्क म्हणून तुम्ही आम्हा नव्या प्राध्यापकांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. त्यामुळे आमच्यातलं कोणी घाबरलं नाही की पोरांवर चिडलं नाही. तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "असू द्या जी" म्हणून विषय बदलता, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितो आहोत.

नवीन प्राध्यापकांचं स्वागत ठिकठिकाणी कसं होतं, हे आम्ही पाहिलं आहे. शाल, श्रीफळ, एक फोटो आणि अर्ध्या तासाचं भाषण. फोटो संध्याकाळपर्यंत ग्रुपवर येतो आणि दुसऱ्या दिवशी माणूस खडू कुठे मिळतो, हे विचारत फिरतो. तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे घेतलेल्या तासांपुरतेच पैसे मिळणाऱ्या माणसाच्या वाट्याला तर फोटोही येत नाही. कायम प्राध्यापक आत आले की खुर्चीवरून उठायचं, हा कुठे न लिहिलेला नियम आमच्यापैकी काहींनी वर्षानुवर्षं पाळला आहे. त्या कॉलेजांची नावं घ्यायची नाहीत. पण ते दिवस अजून सलतात, हे खरं.

तुम्ही आम्हा सात जणांच्या हातात एकेक किल्ली ठेवलीत. टेबलाच्या खणाची. किल्लीला सुताचा दोरा, दोऱ्याला खडूच्या खोक्याचा कापलेला पुठ्ठा आणि त्यावर निळ्या स्केचपेनने नाव. मागच्या बाजूला ज्याच्या त्याच्या वर्गांचे खोली क्रमांक. सात जणांत दोघेच कायम, बाकी पाच तासिकेवर. हजेरीपट वेगळे ठेवावे लागतात, तो नियम तुम्ही पाळलात. पण पुठ्ठे सातही सारख्याच मापाचे आणि सातही नावांआधी 'प्रा.' लिहिलेलं. एका मॅडमचं आडनाव सगळीकडे चुकीच्या वेलांटीने लिहिलं जातं, ते तुम्ही अर्जावरून पाहून बरोबर लिहिलंत. त्या दुपारी त्या बराच वेळ पुठ्ठा हातात धरून बसल्या होत्या.

खण उघडला तर आत खडूची पेटी, डस्टर आणि दोन्ही बाजूंनी भरलेला एक फुलस्केप कागद. आमच्या सगळ्या पदव्यांमध्ये जे कोणी शिकवलं नाही, ते त्या कागदावर होतं.

टिनाच्या खोलीत जोराचा पाऊस सुरू झाला की दुसऱ्या बाकापर्यंतही आवाज पोचत नाही, तेव्हा घसा फोडू नका, लेखी काम द्या. लाईन गेली की कधी येईल याचा भरवसा नाही, प्रोजेक्टरवर घ्यायचा धडा फळ्यावरही घेता येईल असा तयार ठेवा. रपट्यावरून, म्हणजे ठेंगण्या पुलावरून, पाणी जायला लागलं की पलीकडच्या चार गावांच्या पोरांना दोन वाजताच सोडा आणि त्या दिवसाची गैरहजेरी लावू नका. पोरगा 'पानी' म्हणाला तर 'पाणी' म्हणायला लावण्याआधी त्याचं उत्तर पुरतं ऐका.

रोवणीबद्दल तुम्ही लिहिलेलं तर आम्ही स्टाफरूमच्या भिंतीवरच लावलं. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, साधारण 21 ते 25 दिवसांचे झाले की रोवावेच लागतात, उशीर झाला की फुटवे कमी आणि उताराही कमी. म्हणून ते दोन-तीन आठवडे घरातलं कोणीच मोकळं नसतं. त्यात पहिली चाचणी ठेवली की नापास होतात ती सगळ्यात कष्टाळू पोरं. चाचणी पोळ्यानंतर ठेवा, पहिल्या प्रकरणाची तेव्हा एकदा उजळणी घ्या.

तासांचा हिशेबही तुमच्यामुळे वेळेत सुटला. नव्या शैक्षणिक धोरणात थिअरीच्या एका क्रेडिटला (श्रेयांकाला) 15 तास लागतात, पण तासिका 48 मिनिटांची असेल तर 15 तासिकांत ते भरत नाही, 19 लागतात. दोन क्रेडिटच्या विषयाला 38. हे सुरुवातीला मांडलं नाही की सत्राच्या शेवटी रविवारी जादा तास घ्यावे लागतात, आणि रविवारी एसटीच्या फेऱ्या कमी, मग पोरं येणार कशी? तासिकेवरच्या पाच जणांना तुम्ही वेगळं बजावलंत: तारीख, वेळ, वर्ग, शिकवलेला भाग रोजच्या रोज नोंदवहीत लिहा. स्थानिक सुट्ट्या जिल्ह्यागणिक बदलतात, नागपूरचं कॅलेंडर पाहून नोंद केली आणि एक जरी तासिका सुट्टीच्या दिवशी पडली तरी सगळं देयक परत येतं. मग एका तासिकेपायी दोन-दोन महिन्यांचे पैसे अडकतात.

पोरांचे क्रेडिट ज्या ऑनलाइन खात्यात जमा होतात, त्या क्रेडिट बँकेच्या आयडीचंही तसंच. प्रवेश अर्जावर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, आणि आधारला जोडलेला मोबाईल नागपूरला कामाला गेलेल्या भावाकडे. ओटीपी त्याच्या फोनवर येतो. भाऊ पोळ्याला घरी आला की हे काम उरकून घ्या, ही तुमची सूचना आम्ही प्रत्येक वर्गात सांगितली आहे.

यातलं एकही काम तुमच्या जॉब चार्टमध्ये नाही. मान्यतेच्या फायली गडचिरोलीला विद्यापीठात पोचवणं, पगारबिलं, शिष्यवृत्तीचे अर्ज, एवढ्यातच तुमचा दिवस संपतो. तरी सुट्टीत कॉलेज बंद असताना तुम्ही सात खणांची कुलुपं तेल घालून सैल केलीत, हे आम्हाला शिपाईभाऊंकडून कळलं. माणसाला माणूस म्हणून वागवायला जीआर लागत नाही, पदही लागत नाही. नव्याने आलेल्याला आपल्यात बसायला जागा आहे, एवढं कोणीतरी दाखवून द्यावं लागतं. आपल्या भागात पाहुणा दारात आला की आधी पाण्याचा गडवा समोर येतो, कुठून आलात ते मग विचारतात. तुम्ही तेच कॉलेजात केलंत.

आमच्यातल्या पाच जणांची नेमणूक सत्राबरोबर संपेल. पुढच्या जूनमध्ये कोण कुठे असेल, हे आज कोणालाच माहीत नाही. त्या दिवशी किल्ल्या मोजून तुमच्या हातात देऊ, खण रिकामे करून, पुसून देऊ. पुठ्ठे मात्र दोऱ्यातून सोडवून घेतो, बडेबाबू. ते परत मागू नका.

आपले,
या सत्रात रुजू झालेले सातही प्राध्यापक