शेवटच्या रविवारची सूचना (गटातल्या बेसबॉलवेड्यांसाठी)

मंडळी, अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलच्या नियमित हंगामाचा (बाद फेरीआधीच्या सामन्यांचा) शेवटचा रविवार आला. सगळे सामने अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेनुसार दुपारी ३ च्या आसपास एकदमच सुरू होतात. पुण्या-मुंबईकडच्या सदस्यांनो, तुमच्याकडे तेव्हा मध्यरात्रीचे साडेबारा वाजलेले असतील. जागणार असाल तर जागा, पण सकाळी सामना पाहणारेही आहेत. म्हणून सोमवार दुपारपर्यंत (भारतीय वेळ) धावसंख्या फक्त 'थेट सामना' धाग्यातच टाकावी. मुख्य गटात नुसता नाचणारा इमोजीही चालणार नाही. गेल्या वेळी त्यावरूनच सगळं कळलं होतं!

'बरोबरी झाली तर १६३वा सामना होईल' (म्हणजे हंगामाच्या १६२ सामन्यांनंतर बरोबरी तोडणारा जादा सामना) असं अजून कोणीतरी दरवर्षी लिहितंच. तो २०२२ पासून बंद आहे. आता आधी आपसातल्या लढतींचा हिशेब पाहतात. २०२५ मध्ये न्यूयॉर्क मेट्स आणि सिनसिनाटी रेड्स या दोन्ही संघांचे ८३ विजय, ७९ पराभव. शेवटच्या दिवशी दोघेही हरले, तरी आपसातल्या लढतींत सरस म्हणून रेड्स बाद फेरीत गेले आणि मेट्स घरी. जूनच्या मध्यावर हेच मेट्स सगळ्या लीगमध्ये अव्वल होते, हे आमच्यातल्या मेट्सवाल्यांना कृपया पुन्हा पुन्हा ऐकवू नये.

मॅजिक नंबर (आघाडी पक्की व्हायला आघाडीच्या संघाचे विजय आणि पाठलाग करणाऱ्याचे पराभव मिळून अजून किती हवेत तो आकडा) विचारणाऱ्यांसाठी: १६३ मधून आघाडीच्या संघाचे विजय आणि पाठलाग करणाऱ्याचे पराभव वजा करा.

अंदाज रविवारी पहिला चेंडू पडण्याआधी द्यावेत. नंतर आलेले धरले जाणार नाहीत.

— गटचालक