ग्रहणाची नोंद, १८.२ किलोहर्ट्झवर

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. २ ऑगस्ट २०२७ चं ग्रहण रत्नागिरीतून खंडग्रासच दिसणार, मग आयनांबराच्या (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित कणांच्या भागाच्या) नोंदीचा खटाटोप कशाला, असं तू विचारतोस. खटाटोप कर. ८ एप्रिल २०२४ ला नासाने अमेरिकेतल्या वॉलॉप्सहून आयनांबर मोजायला तीन रॉकेटं सोडली, तिथेही सूर्य ८१ टक्केच झाकला होता. एक ग्रहणमध्याला, बाकी दोन त्याच्या पाऊण तास आधी आणि नंतर. आपल्याकडे झाकोळ बराच कमी, म्हणून आधीची-नंतरची नोंद जास्तच महत्त्वाची.

ग्रहणात आयनांबरात रात्र होते, हे अर्धंच खरं. आयनांबराचे थर असतात; ६० ते ९० किलोमीटरवरच्या, सगळ्यात खालच्या डी थरात हवा त्यातल्या त्यात दाट. ऊन कमी झालं की इलेक्ट्रॉन काही मिनिटांत आयनांना मिळून जातात. २५०-३०० किलोमीटरवरच्या एफ-२ थरात हवा विरळ, वरून प्लाझ्मा (इलेक्ट्रॉन आणि आयनांचं मिश्रण) झिरपत असतो, त्यामुळे तिथली घट मागाहून येते. खग्रासातसुद्धा करोनाचे, म्हणजे सूर्याच्या बाहेरच्या तप्त आवरणाचे, क्ष-किरण आणि अतिनील किरण चालूच असतात.

घरून डी थरच पकडता येतो. तिरुनेलवेलीजवळच्या विजयनारायणमहून नौदलाचं १८.२ किलोहर्ट्झचं रेडिओ प्रेषण असतं. तुझ्यापासून अंतर हजारेक किलोमीटर, आणि ती लहर दिवसा याच थरावरून परतते. ती पकडायला चौकटीचा अँटेना कर. मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे २६ गेजची एनॅमल तार वजनावर मिळते. एक मीटर बाजूच्या लाकडी चौकटीवर ५० वेढे, म्हणजे २०० मीटर. ३०० ग्रॅम पुरेल, थोडी जास्तच घे. चौकटीची कड आग्नेयेकडे. टोकं पीळ देऊन लॅपटॉपच्या माइकला जोड, पण मध्ये १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवाच, कारण त्या सॉकेटात डीसी व्होल्टेज असतं. सॅम्पलिंग (सेकंदाला घ्यायच्या मोजण्या) ४८ किलोहर्ट्झ ठेव, दर ५ सेकंदांनी सिग्नलची पातळी नोंदव.

घात होतो तो विंडोजमुळे. माइकचं 'नॉइज सप्रेशन' आणि आपोआप आवाज जुळवणारी सोय चालू राहिली, तर चढउतार सपाट होतात आणि आलेख सुरेख दिसतो! दोन्ही बंद कर. लॅपटॉप बॅटरीवर चालव; चार्जर, इन्व्हर्टर, एलईडी ट्यूब यांपासून चौकट लांब ठेव. ऑगस्ट असल्याने विजांची खरखर येणारच, म्हणून मिनिटाची सरासरी नको, मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी किंमत) घे.

ऑस्ट्रेलियातलं १९.८ किलोहर्ट्झचं प्रेषणही याच चौकटीत येईल, पण त्यावर भिस्त ठेवू नकोस. तिकडे आपल्या साडेतीनच्या सुमारास सूर्यास्त होतो, आणि ती संध्याकाळ त्या मार्गावरून नेमकी ग्रहणाच्या वेळीच सरकत येते. आपल्याकडेही सूर्य कललेला असेल. म्हणून २५ जुलैपासून रोज दुपारी १ ते रात्री ८ नोंद ठेव आणि त्या दिवसांची सरासरी वजा करून मगच ग्रहणाचा आलेख बघ.

पातळी वाढेलच असं धरून चालू नकोस. परतीची उंची किंचित वर सरकली की वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या लहरी एकमेकींत नव्याने मिसळतात. सिग्नल चढेल किंवा पडेलही. एकदम चढून हळूहळू ओसरणारा सुळका दिसला तर तो सौरज्वालेचा असू शकतो. सूर्याचे क्ष-किरण मोजणाऱ्या अमेरिकी गोज उपग्रहाच्या आलेखाशी वेळ ताडून पाहा, पण तो जागतिक वेळेत असतो, साडेपाच तास मिळवायचे.

तुझा,
विनय