चालू कुठलं, राखीव कुठलं

चि. निनाद,

अनेक आशीर्वाद.

कॅरव्हॅनची कागदपत्रं आणि किल्ल्या वेगळ्या पाकिटात ठेवल्यात. हे पत्र फक्त गॅसबद्दल आहे. परवा फोनवर तू म्हणालास, "आई, ऑटोमॅटिक चेंजओव्हर आहे ना, मग त्यात बघायचं काय?" ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसले.

गाडीत गॅसची दोन सिलिंडरं जोडलेली असतात, आणि एक संपलं की चेंजओव्हरचा व्हॉल्व्ह आपोआप दुसऱ्यावर जातो, हे खरं. पण तो न सांगता जातो. शेगडीची ज्योत हलत नाही, हीटर बंद पडत नाही, कसला आवाजही होत नाही. आपल्याकडे एक राखीव आहे असं तू धरून चालतोस, आणि प्रत्यक्षात ते राखीवच कधीपासून जळत असतं. मग दोन्ही एकदम संपल्यासारखी होतात. गॅस सगळ्यात जास्त लागतो तो थंडीच्या रात्री, त्यामुळे संपायची वेळही बहुतेक तीच असते. म्हणून माझं मागणं एवढंच आहे: कुणी कधीही विचारलं तरी तुला आणि रेवाला सांगता आलं पाहिजे की चालू कुठलं, राखीव कुठलं, आणि राखीवमधून गॅस खरोखर येतो का.

आधी व्हॉल्व्ह कसा चालतो ते समजून घे. आपला रेग्युलेटर म्हणजे हाच. त्याच्या आत दाब कमी करणाऱ्या दोन बाजू आहेत. बटण ज्या सिलिंडरकडे वळवलेलं असतं त्या बाजूचा दाब किंचित जास्त ठेवलेला असतो, दुसरीकडचा किंचित कमी. जास्त दाबाची बाजू पुढची लाइन भरून ठेवते आहे तोवर दुसरी उघडतच नाही. पहिलीचा दाब पडला की दुसरी उघडते. बस, एवढंच. सिलिंडर रिकामं झालंय की नुसतं गारठलंय, हे त्याला कळत नाही. त्याला फक्त दाब कळतो.

बटणाशेजारी नखाएवढी खिडकी आहे. हिरवी असेल तर मुख्य सिलिंडर चालू आहे, लाल झाली तर राखीव. ती शेगडी किंवा हीटर चालू असताना बघायची. गॅस वाहत असतानाच ती खरं सांगते. रोज एकदा, दोघांपैकी कुणीतरी एकानं. "तू बघितलंस ना?" असं विचारायची वेळ आली की समजायचं, कुणीच बघितलेलं नाही.

खिडकी लाल दिसली तर आधी बटण भरलेल्या सिलिंडरकडे फिरव, म्हणजे जे राखीव होतं ते आता मुख्य झालं. हे राहून गेलं तर तू नवं सिलिंडर जोडल्याबरोबर व्हॉल्व्ह पुन्हा त्याच्याकडे जातो, आणि दुसऱ्या बाजूला अर्धवट वापरलेलं सिलिंडर 'राखीव' म्हणून पडून राहतं. बटण फिरवल्यावर रिकाम्या सिलिंडरचा कॉक बंद कर आणि मगच नळी सोडव. आपल्या सिलिंडरचे आटे उलटे आहेत, म्हणजे सोडवायला पाना घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरतो. नळी सोडवताना दुसऱ्या सिलिंडरचा गॅस या बाजूनं बाहेर येऊ नये म्हणून आत एकदिशा व्हॉल्व्ह असतो. तरीही त्या वेळी जवळपास ज्योत, विडी-सिगारेट, काहीही नको. रिकामं म्हणून काढलेल्या सिलिंडरमध्येही थोडी वाफ उरलेली असतेच. त्याचा कॉक घट्ट बंद आणि वर टोपी हवी.

नवं जोडताना वॉशर बघ. चिरलेला, चपटा झालेला किंवा कडक झालेला वॉशर पान्यानं आवळून गळती थांबत नाही, तो बदलावाच लागतो. मग कॉक हळूहळू उघड. झटक्यात उघडलास तर नळी फुटली असं समजून सुरक्षेचा खटका गॅस तोडतो. नळीच्या सिलिंडरकडच्या टोकाला हिरवं बटण आहे ना, ते त्याच खटक्याचं. सिलिंडर बदललं की ते दाबावंच लागतं. नाही दाबलं तर कॉक उघडा, सिलिंडर गच्च भरलेलं, आणि गॅस मात्र नळीच्या तोंडाशी अडकलेला. ऑटोमॅटिक व्हॉल्व्हमध्ये हे कळतही नाही, कारण तेव्हा दुसरं सिलिंडर चालू असतं आणि खिडकी छान हिरवी दिसत असते.

यावर माझा उपाय असा. नवं सिलिंडर जोडलं की चालू सिलिंडरचा कॉक थोडा वेळ बंद करायचा आणि शेगडी पेटवून ठेवायची. नळीत उरलेला गॅस जळून गेल्यावरही ज्योत टिकली तर राखीव सिलिंडर खरोखर कामाचं आहे. मग पहिला कॉक परत उघडायचा. पाच-दहा मिनिटांचं काम आहे. बाकीचं एखादं विसरलास तरी चालेल, हे विसरू नकोस.

उन्हाळ्यात मी राखीव सिलिंडरचा कॉक बंदच ठेवत आले. तेव्हा गॅस फक्त शेगडीला आणि फ्रिजला लागतो. संपला तर ज्योत विझते, आणि ती विझणं हीच सूचना. थंडीत हीटर रात्रभर चालणार असेल तेव्हा दोन्ही कॉक उघडे आणि ऑटोमॅटिक. काहीजण बाराही महिने ऑटोमॅटिक ठेवतात, पण मला ते पटत नाही. फक्त हातानं बदलताना एक पाळ: गॅस संपून ज्योत विझली की आधी सगळ्या उपकरणांची बटणं बंद, मग दुसरा कॉक उघडायचा, मग एकेक पेटवायचं. आपल्या शेगडीत ज्योत विझली की थर्मोकपल, म्हणजे ज्योतीची उष्णता ओळखणारी बारीक कांडी, थंड होऊन गॅस अडवला जातो, पण प्रत्येक शेगडीत ती सोय असतेच असं नाही.

आता थंडीचं. सिलिंडरमध्ये द्रव असतो आणि आपण जाळतो ती त्याची वाफ. तो द्रव ब्युटेन, प्रोपेन किंवा दोन्हींचं मिश्रण असतो. ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो, प्रोपेन उणे ४२ अंशांना. म्हणजे बाहेर शून्याच्या आसपास असेल तर ब्युटेनच्या सिलिंडरमध्ये द्रव डुचमळताना ऐकू येईल, पण शेगडीपर्यंत काही पोचणार नाही. मिश्रण असेल तर आधी प्रोपेन जास्त प्रमाणात निघून जातो आणि तळाशी ब्युटेन उरतो. सिलिंडर जड लागतं पण ज्योत मरतुकडी. हिवाळ्यात निव्वळ प्रोपेनच घे, दोन्ही बाजूंना.

प्रोपेन असला तरी सगळं सुटत नाही. वाफ व्हायला उष्णता लागते, ती द्रव स्वतःतून आणि सिलिंडरच्या पत्र्यातून ओढून घेतो. हीटर रात्रभर पूर्ण जोरात चालला की पहाटे जाऊन बघ: खालचा पत्रा हिमानं पांढरा झालेला असतो, वरचा कोरडा, आणि मधे सरळ रेघ. ती रेघ म्हणजे आतल्या द्रवाची पातळी. इतकं गारठलं की वाफ मागणीला पुरत नाही, दाब पडतो, आणि व्हॉल्व्ह राखीवकडे जातो. खिडकी लाल, पण सिलिंडरमध्ये कितीतरी गॅस शिल्लक. हे माहीत नसलेली माणसं अर्धं भरलेलं सिलिंडर परत देऊन येतात. थंडीत खिडकी लाल दिसली तर हीटर थोडा कमी कर, सिलिंडर जरा सावरू दे, आणि बदलायच्या आधी वजन कर. त्याला ऊब मिळावी म्हणून हीटर, ज्योत, उकळतं पाणी यातलं काही त्याच्याजवळ न्यायचं नाही.

वजनावर माझा सगळ्यात जास्त भरवसा आहे. नळीवरच्या दाबाच्या काट्यावरून गॅस किती उरला हे कळत नाही. २० अंश तापमानाला प्रोपेनचा दाब साडेसात बारच्या आसपास असतो, सिलिंडर भरलेलं असो की तळाशी थोडासाच द्रव असो. द्रव संपेपर्यंत काटा हलत नाही आणि मग पाहता पाहता खाली येतो. म्हणून सामान तोलायचा हुकाचा काटा गॅसच्या कप्प्यातच लटकवून ठेवलाय. सिलिंडरच्या गळ्यावर रिकामं वजन ठोकलेलं असतं, ते वजा केलं की उरला तो गॅस. एक किलो गॅसमध्ये साधारण १२.८ किलोवॅट-तास उष्णता असते. चार किलोवॅटचा हीटर पूर्ण चालला तर तासाला तीनशे ग्रॅमपेक्षा थोडा जास्त खातो, म्हणजे दहा किलोंचं सिलिंडर बत्तीसेक तास. दीड किलोवॅटचा बर्नर तासाला १२० ग्रॅमच्या आत. हे आकडे हाताशी असले की रात्र निघेल की नाही याचा अंदाज संध्याकाळीच येतो.

दाबाचा काटा निरुपयोगी नाही, त्याचं काम वेगळं आहे. सगळी उपकरणं बंद कर, कॉक उघडून काटा वर आला की पुन्हा बंद कर आणि दहा मिनिटांनी बघ. काटा खाली आला असेल तर कुठेतरी गळतंय. मग साबणाचं पाणी प्रत्येक जोडावर लाव. बारीक गळती असेल तर फेस हळूहळू फुगत जातो, त्यामुळे लगेच पुढच्या जोडाकडे जाऊ नकोस. नंतर साध्या पाण्यानं पुसून घे, साबण पितळेवर राहू देऊ नये. वासावर विसंबू नकोस, नाक काही मिनिटांत त्या वासाला सरावतं.

गॅसच्या कप्प्याच्या तळाला भोकं आहेत. प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड, ब्युटेन दुप्पट. गळला तर खाली साचतो आणि त्या भोकांतून बाहेर पडतो. हवेत जेमतेम दोन टक्के मिसळला तरी पेट घेऊ शकतो. तिथे पिशव्या, दोऱ्या, ठोकळे ठेवून भोकं बुजवू नका, आणि चिखलातून किंवा बर्फातून आल्यावर खालूनही बघा. सिलिंडर कायम उभं आणि पट्ट्यानं बांधलेलं. आडवं झालं तर वाफेऐवजी द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो. राखीव सिलिंडर राहायच्या भागात कधीही नाही, एका रात्रीपुरतंसुद्धा नाही.

आणि शेगडी ही खोली गरम करायला नाही. एक घनमीटर प्रोपेन जाळायला चोवीस घनमीटर हवा लागते. बंद कॅरव्हॅनमध्ये ती पुरत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो, त्याला वास नसतो. झोपायच्या आधी त्याच्या अलार्मचं चाचणीचं बटण दाबत जा. रेवालाही हे सगळं हातानं करून दाखव, नुसतं सांगू नकोस.

गाडी चालू असताना दोन्ही कॉक बंद ठेवायचे, कारण आपल्या रेग्युलेटरला धडक ओळखणारी सोय नाही. पंपावर शिरायच्या आधी फ्रिजही गॅसवरून काढायचा.

नळ्या व्हॉल्व्हकडे चढत्या ठेवल्यात त्या तशाच राहू दे. गॅसबरोबर येणारा तेलकट अंश त्यामुळे परत सिलिंडरकडे ओघळतो, रेग्युलेटरमध्ये साचून तो तुंबत नाही. नळ्यांवर तारीख छापलेली आहे आणि रेग्युलेटरच्या पट्टीवरही. बहुतेक उत्पादक रेग्युलेटर दहा वर्षांनी बदलायला सांगतात. निघण्याआधी तिन्ही तारखा वाचून मला कळव, म्हणजे यंदा काय बदलायचं ते ठरवता येईल.

तुझी,
आई